मुरमाचा रस्ता आणि उसना पंप

"सर, ह्या सायकलीला ग्रॅव्हल बाइक का म्हणतात?"

आठवीच्या वर्गात मराठीचा तास चालू होता. आमची शाळा उर्दू माध्यमाची, मी तिथे मराठी शिकवतो. सायकल खिडकीबाहेर भिंतीला टेकवून ठेवली होती आणि मुलांचं सगळं लक्ष तिच्या वाकड्या हँडलकडे. मी फळ्यावर तीन शब्द लिहिले. इंग्रजीत ग्रॅव्हल, उर्दूत बजरी, मराठीत खडी किंवा मुरूम. डांबर संपून मुरूम सुरू झाला तरी जी अडत नाही, ती ग्रॅव्हल बाइक. मागच्या बाकावरून आवाज आला, "म्हणजे आमच्या गल्लीसाठीच बनवली आहे, सर!" वर्ग हसला. मीही हसलो. भिवंडीत राहणाऱ्याला यात हसण्यासारखं काय आहे, ते वेगळं सांगायला नको.

सायकल मी जुनीच घेतली, हप्त्याने. पंचेचाळिशी जवळ आली, रक्तात साखर निघाली, डॉक्टर म्हणाले चाला नाहीतर सायकल चालवा. मानकोलीत नाक्यावर चालायला जाणं म्हणजे कंटेनरच्या धुरात मॉर्निंग वॉक. देशातल्या मोठ्या गोदामांच्या पट्ट्यात आपण राहतो. इथे माणसाने चालावं असं रस्ता बांधणाऱ्याच्या मनातच नसतं. म्हणून सायकल घेतली.

अब्बांना दाखवली असती तर ते काय म्हणाले असते, ते मला ठाऊक आहे. अब्बा बार्शीकडून भिवंडीत पॉवरलूमवर कामाला आले. त्यांच्याकडे दोन दांड्यांची काळी सायकल होती. तिच्या टायरवर २८ × १½ असा आकडा कोरलेला असायचा. परवा हिशेब केला, दीड इंच म्हणजे जवळजवळ ३८ मिलिमीटर. कंपन्या त्या टायरला ४० मिलिमीटरचा धरतात. माझ्या ग्रॅव्हल बाइकचा टायर ३८चा. म्हणजे दुनियेने नवं म्हणून जे शोधलं, त्यावरून अब्बा रोज रात्रपाळीला जात होते. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात एम्पोरिया गावाभोवतीच्या कच्च्या रस्त्यांवर २००६ साली एक शर्यत सुरू झाली, २०० मैलांची, म्हणजे सुमारे ३२० किलोमीटर. तिच्यामुळे या सायकलींना मोठं नाव मिळालं. २०२२ साली इटलीत ग्रॅव्हलची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धाही झाली. आमच्याकडे कच्च्या रस्त्याने सायकल हाणणाऱ्याला कुणी पदक दिलं नाही. त्याला दूधवाला, पाववाला, लूमवाला म्हणत.

तर या सायकलीवरून मी वर्षभरात आपल्या तालुक्यातले रस्ते पाहिले. तुमच्यापैकी कुणाला निघायचं असेल तर उपयोगी पडावेत म्हणून तीन सांगतो.

पहिला अगदी घरापासचा. मानकोलीहून अंजूर, सुरई, आलिमघर अशा खाडीकाठच्या गावांकडे. उल्हास नदी राजमाचीच्या डोंगरातून निघते, कर्जत, बदलापूर, कल्याण करत इथे येते तोवर तिची खाडी झालेली असते. एका बाजूला भातशेती, दुसऱ्या बाजूला खाजण, मधून मातीचे बांध. अंजूर हे गंगाजी नाईकांचं गाव. १७३७ ते १७३९ च्या मोहिमेत पोर्तुगिजांविरुद्ध चिमाजी अप्पांना ज्यांची मोठी मदत झाली, ते गंगाजी नाईक. हा रस्ता सपाट आहे, नवशिक्याला बरा. पण गोदामांचा भराव दर वर्षी थोडा पुढे सरकतो. मागच्या हिवाळ्यात ज्या बांधावरून गेलो, तिथे या हिवाळ्यात पत्र्याचं कुंपण होतं.

दुसरा लोनाडचा. नाशिक महामार्ग सोडून आत शिरलं की टेकडीवर कोरलेली बौद्ध लेणी आणि गावात जुनं शिवमंदिर. चढ छोटा आहे, पण मुरूम सुटा आहे. उभं राहून पेडल मारलं की मागचं चाक जागच्या जागी फिरतं. बसूनच, हलक्या गिअरवर चढायचं.

तिसरा रस्ता तानसेच्या खोऱ्याचा, आणि आजची गोष्ट त्याच रस्त्यावरची. मानकोलीहून भिवंडी ओलांडून वाडा रस्त्याला लागायचं. दुगाड फाट्याच्या आसपास डांबरी सोडून पाड्यांना जोडणाऱ्या कच्च्या रस्त्यांत शिरायचं आणि वज्रेश्वरी, गणेशपुरीकडे उतरायचं. पश्चिमेला तुंगारेश्वरचा डोंगर, खाली तानसा नदी, काठाला अकलोलीची गरम पाण्याची कुंडं. जाऊन-येऊन सत्तर किलोमीटरच्या आसपास पडतं. दुगाडला डिसेंबर १७८० मध्ये मराठे आणि इंग्रज यांची लढाई झाली, रामचंद्र गणेश कानडे तिथेच पडले. इतिहासाच्या पुस्तकात ही एक ओळ असते. सायकलवरून गेलं की कळतं, सैन्य इथेच का अडलं असेल. दर दोन किलोमीटरला एक ओढा आणि एक चढ.

याच डोंगरांतून मुंबई पाणी पिते. तानसेचं धरण १८९२ सालचं. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांपैकी दोनच शहरात आहेत. बाकी पाच ठाणे, पालघर आणि नाशिक जिल्ह्यांच्या डोंगरांत. पुरुषभर उंचीचे पाइप आपल्या तालुक्यातून जातात आणि त्यांच्यापासून हाकेच्या अंतरावर बाया डोक्यावर हंडे घेऊन चढ चढताना दिसतात. गाडीच्या काचेतून हे दिसत नाही असं नाही, पण दिसून मागे पडतं. सायकलवर ती बाई आणि मी एकाच वेगाने चढत असतो.

मुरमाचं थोडं सांगतो. आपल्याकडचा काळा दगड झिजून, कुजून मुरूम होतो. पावसाळ्यात त्यावरून पाणी वाहतं, चर पडतात. उन्हाळ्यात तो सुटून पीठ होतो, त्यात चाक रुततं. पाऊस गेल्यावर, ऑक्टोबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंत मुरूम आवळून बसलेला असतो. तेव्हा जावं. डांबरावर मी ५० पाउंड हवा ठेवतो, मुरमावर ४० पर्यंत उतरवतो. टायर थोडा मऊ असला की दगडावरून उडत नाही, दगडाला धरून जातो. पण फार मऊ ठेवला तर रिम आणि दगड यांच्यात ट्यूब चावली जाते. आणि मुरमावर वेग पडतो. हायवेला वीस-बावीसने जाणारा मी इथे दहा-बाराने जातो.

खरी अडचण इथूनच सुरू होते. दहाच्या वेगाने जाणाऱ्या माणसाला लोक थांबवतात. "कुठले तुम्ही?" विचारतात. मग "नाव काय?" विचारतात.

खेड्यात या प्रश्नात काही वाकडं नसतं. पण माझं बालपण भिवंडीत गेलं. १९८४ च्या मे महिन्यात मी अगदी लहान होतो. दंगलीचं मला काही आठवत नाही. आठवतं ते त्यानंतर कित्येक वर्षं अम्मी घरातून निघताना जे सांगायची ते. "रस्त्यात कुणी नाव विचारलं तर थांबू नको." अम्मीला याहून पाठ झालेलं वाक्य दुसरं नव्हतं. आता तर मोबाइलवर रोज काहीतरी येतं. कुणाला तरी गराडा घालून नाव विचारलेलं. मुसलमान वाचकांना हे समजावून सांगायला नको. इतरांना सांगतो, आम्ही हे व्हिडिओ पाहून विसरत नाही. ते पायांत उतरतात.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी एकटाच या रस्त्याला गेलो होतो. फजर पढून निघालो. नदीवर पोहोचलो, कुंडाजवळ चहा प्यालो, परत फिरलो. येताना एका पाड्याच्या अलीकडे उतारावर मागच्या टायरचा आवाज झाला आणि सायकल बसली. पाड्याचं नाव लिहीत नाही. दगडाच्या धारेने टायरची बाजू कापली गेली होती, बोटभर. ट्यूब बदलली तरी चिरेतून बाहेर डोकावत होती. चिरेच्या आत दहाची नोट घडी करून घातली. ही युक्ती कुठेतरी वाचली होती. मग पंप काढला तर त्याचा दांडा वाकून हातात आला. साडेअकरा वाजले होते, ऊन चढलं होतं, मोबाइलला रेंज नव्हती.

तेवढ्यात मोटरसायकलवरून दोन पोरं आली आणि थांबली. एकाने मोबाइल काढला. आता कळतं, तो सायकलचा फोटो काढत होता. पाड्याच्या बाजूने एक म्हातारे गृहस्थही चालत आले, खांद्यावर टॉवेल, हातात कोयती. भाताच्या कापणीचे दिवस. कोयती नसती तर नवल.

"कुठले काका?" पोराने विचारलं.

"मानकोली."

"काय करता?"

"शिक्षक आहे. मराठी शिकवतो."

"नाव काय?"

मी म्हणालो, "मोहन."

कुठून आला हा मोहन? अठरा वर्षं व्याकरण शिकवतोय. कर्ता, कर्म, क्रियापद. मोहन शाळेत जातो. मोहन आंबा खातो. तोंडात तयार बसलेला होता तो बाहेर पडला. दाढी माझी बारीक आहे, डोक्यावर हेल्मेट होतं. कुणाला शंका येण्याचं कारण नव्हतं, आणि आली नाही.

त्यानंतर जे झालं ते असं. एक पोरगा जाऊन पाण्याची कळशी घेऊन आला. दुसऱ्याने टायर धरला. काकांनी माझी दहाची नोट बाहेर काढून माझ्या हातावर ठेवली, म्हणाले, "मास्तर, हिचा चहा प्या." मग घरी नेलं, जुन्या टायरचा तुकडा कापून चिरेच्या आत बसवला. आपल्या पंक्चरवाल्यांकडे त्याला गेटर म्हणतात. भिंतीवरच्या खिळ्याला एक पितळी हातपंप टांगलेला होता, त्याने हवा भरली. काकींनी तांदळाची भाकरी आणि वांग्याची भाजी वाढली. "मोहन सर, आणखी घ्या," असं त्या दोनदा म्हणाल्या. प्रत्येक वेळी घास घशात अडकला.

निघताना काकांनी तो पंप माझ्या सायकलीला सुतळीने बांधला. "हवा हळूहळू जाईल. भरत भरत जा. मंग कवातरी आणून द्या."

चार ठिकाणी थांबून हवा भरत मी घरी आलो. वाटेत महापोलीसारखी कोकणी मुसलमानांची जुनी गावं या पट्ट्यात आहेत, तिथली माणसं पिढ्यान्‌पिढ्या ह्याच मातीतली बोली बोलतात. "तुमचं मराठी छान आहे हो" हे वाक्य ऐकलं की मी नेहमी त्यांचं उदाहरण देतो, जरा तोऱ्यात देतो. त्या दिवशी मनात म्हटलं, तोरा कसला? मराठी छान होती म्हणून तर मोहन पचला.

पंप घरी पुस्तकांच्या कपाटावर ठेवला. मुलीने विचारलं, "अब्बू, हा कुणाचा?"

"एका काकांचा."

"परत कधी देणार?"

"देऊ."

एक रविवार गेला, दुसरा गेला. कधी शाळेचं काम काढलं, कधी गुडघा काढला. बायकोला सगळं सांगितलं होतं. ती काही बोलली नाही. चौथ्या आठवड्यात कपाट पुसताना एवढंच म्हणाली, "अमानत आहे. धूळ बसतेय."

अमानत म्हणजे काय हे आमच्या घरात कुणाला शिकवावं लागत नाही. दुसऱ्याची वस्तू आपल्याकडे आली की ती आपल्या मानेवर बसलेली असते. पंप तर कुणाच्याही हातून पाठवता आला असता. पण मोहनच्या नावाने उसना घेतलेला पंप मोहनच्याच नावाने परत गेला असता. वस्तू फिटली असती, खोटं तसंच राहिलं असतं. वर्गात मी मुलांना खोटं बोललं म्हणून बाकावर उभं करतो.

पंप घेऊन भिवंडीतल्या सायकलच्या दुकानात गेलो, आतला चामड्याचा वायसर सुकला होता तो बदलून घेतला, तेल घातलं. नव्या टायरला गाठीतले पैसे गेले. आणि नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी निघालो.

भात झोडून झालं होतं, रिकाम्या शेतांत वालाचे कोंब दिसत होते. मुरूम मस्त बसला होता. एरवी अशा रस्त्याने मी गुणगुणत गेलो असतो. त्या दिवशी प्रत्येक चढाला वाटत होतं, हा चढ संपू नये.

काका अंगणात बसले होते. पंप हातात घेतला, दांडा दोनदा ओढून पाहिला. "वायसर बदलला की काय?"

"हो."

"चांगलं केलं मास्तर. एवढ्या लांबून पंप द्यायला आलात."

मी उभाच होतो. म्हणालो, "काका, एक सांगायचंय. माझं नाव मोहन नाही."

"मंग?"

मी सांगितलं. पूर्ण, अब्बांच्या नावासकट.

ते पंपाकडेच बघत राहिले. मग म्हणाले, "मुसलमान हाय तुमी?"

"हो."

"मंग खोटं कशाला सांगितलं?"

"भ्यालो होतो."

"त्या पोरांना?"

"हो," मी पटकन म्हणालो. सोपं उत्तर मिळालं म्हणून.

ते थांबले. "का मला?"

याचं उत्तर मी घरून आणलं नव्हतं. माझ्या तयारीत ते रागावणार होते, नाहीतर "नावात काय आहे" म्हणून मोठ्या मनाने हसणार होते. ते रागावले नव्हते. त्यांना लागलं होतं. ज्याला भाकरी वाढली त्याने आपल्याला भ्यावं, हे त्यांना लागलं होतं. आयुष्यभर मी भिण्याचा विचार केला तो माझ्या बाजूने. ज्याला भ्यायचं त्याच्याही बाजूला एक माणूस बसलेला असतो, हे पंचेचाळिशीला आल्यावर त्या अंगणात कळलं.

"तुम्हालाही," मी म्हणालो. "तेव्हा ओळख नव्हती."

त्यांनी आत हाक मारली, "चहा टाक." माझं नाव घेतलं नाही, ना खरं, ना खोटं. बराच वेळ कुणी बोललं नाही. चहा आला. मग ते म्हणाले, "मी बी भिवंडीत भितो."

"कशाला?"

"आमच्यातले सांगतात, त्या मोहल्ल्यांत एकट्यानं जाऊ नये. मी जात नाय. बाजार आंबाडीलाच करतो."

"कधी कुणी काही केलं का तुम्हाला?"

"नाय," ते म्हणाले. "गेलोच नाय ना."

दोघेही हसलो. थोडंसंच. मी म्हटलं, "या एकदा. नाक्यावर उतरून फोन करा, मी घ्यायला येतो." त्यांनी नंबर घेतला, नातवाला बोलावून मोबाइलमध्ये टाकायला लावला. नातवाने विचारलं, "नाव काय टाकू?" काका म्हणाले, "विचार त्यांना."

मी सांगितलं. अवघड जोडाक्षर आहे माझ्या नावात. त्याला दोनदा सांगावं लागलं. मग शिक्षकाची खोड, त्याच्या हातातला मोबाइल घेऊन बरोबर आहे का ते तपासून पाहिलं.

भीती गेली असं मी म्हणणार नाही. अजूनही अंधार पडायच्या आत डांबरी रस्ता गाठतो, घरी लोकेशन पाठवून ठेवतो. तुम्हालाही तेच सांगेन. फक्त आता कुणी "कुठले?" विचारलं की गावाबरोबर नावही सांगून टाकतो, पुढच्या प्रश्नाची वाट बघत बसत नाही. बहुतेक जण मान हलवतात आणि सायकलची किंमत विचारतात. एक-दोघे गप्प झाले. त्यांच्या गप्प होण्याचं ओझं त्यांनी वाहावं. मी चढावर आधीच बराच दमलेला असतो.

काका अजून भिवंडीला आलेले नाहीत. फोन मात्र आला होता, महिन्याभराने. नातवाच्या सायकलचा टायर सारखा कापला जातो, तुम्ही घातलेला नवीन टायर कोणता, म्हणून विचारत होते.